हवेच्या हवाली : मुलांची आंतरराष्ट्रीय मॉडेल विमान स्पर्धा कशी भरवावी

सकाळी ऊन चढल्यावर एक सोळा वर्षांची मुलगी मोकळ्या माळावर ५० मीटर लांबीची दोरी धरून चालते आहे. दोरीच्या वरच्या टोकाला तिचं ग्लायडर गोल घिरट्या घालतं आहे. मध्येच दोरीला ओढ लागते. बोटांना ती कळते तसा मुलीचा चेहरा बदलतो. वर ऊन हवेचा प्रवाह आहे, थर्मल आहे. ती जीव खाऊन धावते, दोरी ताणते आणि आकडा सोडते. आता ते विमान हवेच्या हवाली. ते तिला उजवी-डावीकडे वळवता येत नाही. फार तर एक बटण दाबून लवकर खाली आणता येतं. पुढची तीन मिनिटं ती फक्त वर बघत उभी राहते.

या प्रकाराला ‘फ्री फ्लाइट’ म्हणतात. लोझानला मुख्यालय असलेली आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा संघटना ‘एफएआय’ आणि तिचा एरोमॉडेलिंग आयोग ‘सीआयएएम’ यांच्या नियमपुस्तकात हा वर्ग ‘एफ१’ या नावाने येतो. मुलांसाठी त्याची स्वतंत्र जागतिक अजिंक्यपद स्पर्धा असते. २०१६ साली ती मॅसिडोनियातल्या प्रिलेपजवळ, तंबाखूच्या शेतांसाठी प्रसिद्ध असलेल्या पेलागोनियाच्या सपाट मैदानावर झाली. वयाची १८ वर्षं ज्या कॅलेंडर वर्षात पूर्ण होतात, त्या वर्षाच्या अखेरपर्यंत खेळाडू कनिष्ठ गटात धरला जातो.

आपल्याकडे एनसीसीच्या हवाई शाखेत बाल्सा लाकडाच्या पट्ट्यांना सँडपेपर मारत मोठी झालेली पुष्कळ माणसं आहेत. वायुसैनिक कॅम्पात एरोमॉडेलिंगच्या स्पर्धा असतात, त्यामुळे या खेळाची धग त्यांना ठाऊक आहे. त्यांच्यापैकी कुणाला कधी परदेशी संघांबरोबर अशी स्पर्धा भरवायला किंवा तिथे अधिकारी म्हणून राबायला मिळालं, तर हातात काहीतरी असावं म्हणून ही कृती लिहितो आहे. सगळ्या पायऱ्यांमागे एकच कसोटी आहे. मुलाचा निकाल त्याचा हात आणि त्या क्षणाची हवा, या दोघांनीच ठरवावा. आपलं घड्याळ, आपला तराजू, आपलं मैदान, आपली घाई यांपैकी कशानेही तो ठरता कामा नये.

आधी ओळख : कोणती विमानं उडणार

एफ१ए : दोरीने चढवायचं ग्लायडर. उचल देणाऱ्या पृष्ठभागांचं एकूण क्षेत्रफळ ३२ ते ३४ चौरस डेसिमीटर, वजन किमान ४१० ग्रॅम. दोरी ५ किलोच्या ताणाखाली ५० मीटरपेक्षा लांब भरता कामा नये.

एफ१बी : पीळ दिलेल्या रबरावर चालणारं विमान. लॉर्ड वेकफिल्ड यांनी १९२८ साली दिलेल्या चषकामुळे याला आजही ‘वेकफिल्ड’ म्हणतात. क्षेत्रफळ १७ ते १९ चौरस डेसिमीटर, रबर सोडून वजन किमान २०० ग्रॅम. वंगण लावलेलं रबर ३० ग्रॅमपेक्षा जास्त नको.

एफ१पी : मुलांसाठीचा इंजिनाचा वर्ग. इंजिनाची क्षमता जास्तीत जास्त १ घन सेंटीमीटर. काही सेकंद जोरात चढायचं, मग इंजिन बंद आणि पुढे तरंगत राहायचं.

तिन्हींमध्ये मोजायचं ते एकच : विमान हवेत किती सेकंद राहिलं. प्रत्येक उड्डाणाला एक कमाल वेळ ठरलेली असते, सहसा १८० सेकंद. त्यापुढचे सेकंद मिळत नाहीत. कमाल वेळ झाली की ‘डीथर्मलायझर’ म्हणजे ‘डीटी’ची यंत्रणा शेपटी वर उचलते आणि विमान सपाट, संथपणे खाली बसतं. डीटी लागला नाही तर चांगल्या थर्मलमध्ये अडकलेलं विमान ढगात जातं आणि परत दिसत नाही.

साहित्य आणि माणसं

हिशेबासाठी १० देश आणि प्रत्येक वर्गात प्रत्येकी ३ मुलं, म्हणजे एका वर्गात ३० स्पर्धक धरू. तीन वर्ग तीन वेगळ्या दिवशी घ्या आणि एक दिवस राखीव ठेवा.

– सुरुवातीच्या रेषेसाठी क्रमांक लिहिलेले १० खांब. एका खांबावर ३ मुलं येतात.
– प्रत्येक खांबाला २, असे २० टाइमकीपर. दमलेल्यांना बदलायला आणखी ४.
– प्रत्येक टाइमकीपरला शतांश सेकंद दाखवणारं घड्याळ आणि दुर्बीण. प्रत्येक खांबाजवळ दुर्बिणीसाठी एक तिपाई.
– २ मीटर उंचीवर बसवलेला वाऱ्याचा वेगमापक आणि त्याच्या नोंदी लिहिणारा एक माणूस.
– पडताळलेला तराजू, प्रमाण वजनं, क्षेत्रफळ मोजायची साधनं, दोरीच्या तपासणीसाठी ताणकाटा आणि ५० मीटरची खुणा केलेली पट्टी.
– लांबवर ऐकू जाणारा भोंगा, दोन रंगांचे झेंडे, सगळ्यांना दिसेल असं मोठं घड्याळ.
– होकायंत्रं, परिसराचे छापील नकाशे, वॉकी-टॉकी, सायकली.
– रुग्णवाहिका, प्रथमोपचार करणारी व्यक्ती, सावली, पाणी, फिरती स्वच्छतागृहं.

पायरी १ : परवानगी आणि तारीख

देशाच्या राष्ट्रीय एरो क्लबमार्फत स्पर्धेची नोंद एफएआयच्या क्रीडा दिनदर्शिकेत करावी लागते. त्यासाठी आदल्या वर्षीच्या १५ नोव्हेंबरच्या आत अर्ज पोहोचला पाहिजे. अर्जाआधीची तयारी धरली तर उन्हाळ्यातल्या स्पर्धेचं खरं काम दीड वर्ष आधी सुरू होतं.

तारीख ठरवताना तीन गोष्टी एकत्र पाहा : पीक, वारा आणि शाळा. शेतात उभं पीक नसावं, दिवसाचा वारा मंद असण्याचा काळ असावा आणि मुलांच्या परीक्षा नसाव्यात. या तिघांचं जमत नसेल तर परीक्षांना झुकतं माप द्या. मोठ्यांच्या स्पर्धेत हा प्रश्न कुणी विचारत नाही, मुलांच्या स्पर्धेत तो पहिला असला पाहिजे.

पायरी २ : मैदान

मैदान डोळ्यांनी निवडू नका, गुणाकाराने निवडा. विमान हवेबरोबर वाहतं, म्हणून वाऱ्याचा वेग गुणिले उड्डाणाचे सेकंद एवढं अंतर ते साधारण जातं :

– वारा सेकंदाला ३ मीटर : १८० सेकंदांत ५४० मीटर.
– वारा ५ मीटर : ९०० मीटर.
– वारा ७ मीटर : १,२६० मीटर.
– वारा ९ मीटर : १,६२० मीटर.

अंतिम फेरीत कमाल ६ मिनिटं ठेवली तर ५ मीटरच्या वाऱ्यातसुद्धा विमान १,८०० मीटरवर उतरेल. वारा कुठल्याही दिशेने येऊ शकतो, म्हणून रेषेच्या चारही अंगांना मोकळी जमीन हवी आणि वारा फिरला की रेषा वाऱ्याच्या वरच्या अंगाला हलवायची सोय हवी. झाडांची रांग, तळं, उच्चदाबाच्या विजेच्या तारा, महामार्ग आणि रेल्वे नकाशावर लाल शाईने खुणा करून ठेवा. विजेच्या तारेवर अडकलेलं विमान काढायला मुलं पुढे होतात. त्या दिशेला वारा असेल तर रेषा हलवलीच पाहिजे.

मैदानाच्या मालकाची परवानगी पुरेशी नसते. विमान शेजाऱ्याच्या शेतात उतरणार हे पक्कं आहे. दीड-दोन किलोमीटरच्या घेरातल्या प्रत्येक शेतकऱ्याला आधी भेटा, विमान दाखवा, मुलं कुठल्या वाटेने आत येतील ते ठरवा आणि नुकसानभरपाईचा आकडा बोलून टाका. जवळच्या विमानतळाला आणि हवाई वाहतूक नियंत्रणाला तारखा, वेळा आणि जागा लेखी कळवा. थर्मलमध्ये सापडलेलं मॉडेल शेकडो मीटर वर जाऊ शकतं.

पायरी ३ : बुलेटिन

संघांना पहिलं बुलेटिन म्हणजे माहितीपत्रक वर्षभर आधी जावं. त्यात वर्ग, तारखा, फेऱ्यांची संख्या, कमाल वेळा, प्रवेशशुल्क, राहण्याची सोय आणि मैदानाचा नकाशा असावा. फेऱ्या किती ते चालू नियमपुस्तकात पाहून छापा. पुढे मी ५ फेऱ्या धरल्या आहेत.

मुलांच्या स्पर्धेत बुलेटिनमध्ये आणखी काही हवंच. व्हिसासाठी निमंत्रणपत्रं प्रत्येक मुलाच्या नावाने, पासपोर्टवरच्या स्पेलिंगप्रमाणे. आईवडिलांच्या लेखी संमतीचा नमुना. सोबत येणाऱ्या प्रौढाचं नाव. अॅलर्जी, औषधं, आहार. एफएआय जागतिक उत्तेजकविरोधी नियम पाळते, तेव्हा नेहमीचं औषध घेणाऱ्या मुलाच्या संघाला हे आधीच कळलं पाहिजे.

सामानाबद्दल स्पष्ट लिहा. मॉडेलची पेटी लांबलचक असते, तेव्हा विमानतळावरून ती आणणारं वाहन आपण पाठवायचं. सुट्या लिथियम बॅटऱ्या हाताशी ठेवायच्या सामानातच न्याव्या लागतात. इंजिनाचं इंधन प्रवासी विमानातून आणता येत नाही, म्हणून एफ१पीसाठी मिथेनॉल आणि तेल यांचं नियमातलं इंधन आपणच तयार ठेवायचं आणि सरावाच्या दिवसांपासून सर्वांना तेच द्यायचं.

पायरी ४ : टाइमकीपर घडवणे

सगळ्या स्पर्धेत जास्तीत जास्त मेहनत इथे घ्या. तराजू चुकला तर पुन्हा वजन करता येतं. उड्डाण पुन्हा मोजता येत नाही.

टाइमकीपरांना दोन पूर्ण दिवस मैदानावर शिकवा. नियम थोडे आहेत, पण ते अंगात मुरले पाहिजेत :

१. ग्लायडरची वेळ दोरी सुटल्या क्षणापासून सुरू होते. रबराच्या आणि इंजिनाच्या विमानाची हातातून सुटल्यापासून.

२. उड्डाण चालू असताना टाइमकीपरने साधारण १० मीटर त्रिज्येच्या वर्तुळातच राहायचं. विमानामागे धावायचं नाही.

३. विमान झाडामागे, टेकडीमागे किंवा ढगात गेलं तर घड्याळ चालू ठेवून १० सेकंद थांबायचं. परत दिसलं तर मोजणी पुढे चालू. दिसलं नाही तर थांबवलेल्या वेळेतून ते १० सेकंद वजा करायचे.

४. दोन्ही घड्याळांची सरासरी काढायची आणि वरचे अपूर्णांक सोडून द्यायचे. एकाचे १६३.४१, दुसऱ्याचे १६३.८७ आले तर सरासरी १६३.६४ आणि नोंद १६३.

५. दोन घड्याळांत फार फरक आला तर आपसात ‘जमवून’ घ्यायचं नाही. दोन्ही आकडे जसेच्या तसे लिहायचे आणि स्पर्धाप्रमुखाला बोलवायचं.

आता एक जुनी गोष्ट सांगतो, ती मला अजून बोचते. एका स्पर्धेत मी टाइमकीपर होतो. एका मुलीचं ग्लायडर दूर, उन्हाच्या बाजूला होतं. किती झाले ते पाहायला मी दुर्बीण क्षणभर खाली घेतली आणि पुन्हा वर केली तेव्हा विमान सापडेना. माझा जोडीदार ज्याच्यावर डोळा ठेवून होता ते त्याच रंगाचं दुसरंच मॉडेल निघालं. मुलगी आमच्या शेजारी उभी होती आणि तिला तिचं विमान स्पष्ट दिसत होतं. ती बोट दाखवत होती, पण तिच्या बोटावरून आम्हाला वेळ देता येत नव्हती. ती काही बोलली नाही. मी बोलायला पाहिजे होतं, तेही मी बोललो नाही.

तेव्हापासून शिकवताना मी एकच गोष्ट पुन:पुन्हा करून घेतो : घड्याळाकडे बघायचं नाही. ते हातात चालू असतं, अंगठा त्याच्यावर असतो. डोळा विमानावरून हलता कामा नये. उड्डाणाआधी विमानाचे रंग आणि खालच्या बाजूची खूण मोठ्याने बोलायची, म्हणजे जोडीदाराचीही खात्री होते. वेळ सांगायला तिसऱ्या माणसाला उभं करा. सरावाच्या दिवशी एकाच उड्डाणावर दहाही जोड्यांची घड्याळं लावा आणि आकडे फळ्यावर लिहा. ज्यांचे आकडे सतत वेगळे येतात त्यांना दुसरं काम द्या, आणि आदराने द्या. नजर हा स्वभावाचा दोष नाही. जोड्या लावताना लांबची चांगली नजर असलेला एक आणि अनुभवी एक अशा लावा. स्पर्धकाच्या देशाचा टाइमकीपर त्याच्या खांबावर ठेवू नका.

पायरी ५ : तपासणी

अधिकृत तपासणीच्या आदल्या दिवशी तराजू आणि मोजमापाची साधनं सगळ्यांना खुली ठेवा. मुलाला आपलं विमान २ ग्रॅमने हलकं आहे हे तिथे कळलं, तर रात्रीत शिशाचा तुकडा लावता येतो. दुसऱ्या दिवशी कळलं तर रडू येतं.

तपासणीत हे पाहा : स्पर्धकाचा चालू एफएआय परवाना आणि ओळख, पंखाचं आणि शेपटीचं क्षेत्रफळ, वजन, विमानावर देशाची अक्षरं आणि एफएआय क्रमांक. भारताची अक्षरं ‘आयएनडी’. तपासलेल्या प्रत्येक मॉडेलवर आणि त्याच्या सुट्या भागांवर खूण करा, कारण मुलं एका विमानाचा पंख दुसऱ्याला लावतात आणि तेही विमान नियमात बसावं लागतं. रबराचं वजन स्पर्धेच्या दिवशी, उड्डाणाच्या आसपास अचानक तपासा. दोरी ५ किलोचा ताण देऊनच मोजा. ढिली मोजली तर ताणल्यावर ती नियमाबाहेर जाते आणि दोष मुलाच्या माथी येतो.

पायरी ६ : संघव्यवस्थापकांची बैठक

आदल्या संध्याकाळी बैठक घ्या आणि ती तासाभरात संपवा. ज्युरीचे तीन सदस्य ओळखीने उभे करा, ते शक्यतो वेगवेगळ्या देशांचे असावेत. वेळापत्रक, झेंड्यांचे अर्थ, तारांची आणि पाण्याची धोक्याची जागा, शेतात शिरायच्या वाटा, हरवलेल्या विमानाची नोंद कुठे करायची, ज्युरीकडे लेखी तक्रार आणि तिचं शुल्क, एवढं सांगा. तक्रार मान्य झाली तर शुल्क परत मिळतं, हेही सांगा. अधिकाऱ्यांशी बोलण्याचा अधिकार व्यवस्थापकाचा आहे. आईवडील, प्रशिक्षक आणि मुलं थेट टाइमकीपरशी वाद घालणार नाहीत, ही गोष्ट सगळ्यांसमोर एकदा मोकळेपणाने बोलून ठेवलेली बरी.

याच बैठकीत खांबांची सोडत काढा. एकच खांब दिवसभर एकाकडे राहू देऊ नका. प्रत्येक फेरीला क्रम पुढे सरकवा, म्हणजे टोकाच्या खांबाचा फायदा किंवा तोटा वाटला जातो.

पायरी ७ : फेरी चालवणे

फेरी साधारण तासाची ठेवा. एका खांबावर ३ मुलं, म्हणजे प्रत्येकाला सरासरी २० मिनिटं मिळतात. थर्मलची वाट पाहत दोरीवर ग्लायडर फिरवत राहायलाही तेवढा वेळ पुरतो.

फेरी सुरू होण्याच्या १० मिनिटं आधी कमाल वेळ, वारा आणि रेषेची जागा जाहीर करा. सकाळच्या पहिल्या फेरीत हवा स्थिर असते, तेव्हा कमाल ४ मिनिटांपर्यंत वाढवता येते आणि चांगल्या विमानांची निवड तिथेच होते. उलट वारा वाढला आणि विमानं मैदानाबाहेर जायला लागली, तर कमाल कमी करायचा अधिकार आयोजकांना आहे. हा बदल फेरीच्या आधी जाहीर करावा लागतो, चालू फेरीत नाही. ५ फेऱ्या, पहिली २४० आणि उरलेल्या १८० सेकंदांच्या असतील तर पूर्ण गुण ९६० होतात.

भोंगा वाजला, झेंडा वर गेला की फेरी सुरू. यानंतर रेषेवर पाहायच्या गोष्टी :

– मुलाने स्वत: दोरी ओढायची आणि स्वत: सोडायची. एफ१बीमध्ये पीळ स्वत: द्यायचा आणि विमान स्वत: फेकायचं. मदतनीस ग्लायडर धरू शकतो, पण मुलाचं काम मोठ्यांनी हातात घेतलं तर ताबडतोब थांबवा. बापाचा हात प्रेमापोटीच पुढे येतो, तरी तो मागे ठेवायला सांगणं आपलं कर्तव्य आहे.

– उड्डाण २० सेकंदांच्या आत संपलं तर तो ‘प्रयत्न’ धरतात आणि मुलाला त्या फेरीत आणखी एक संधी मिळते. दुसऱ्या विमानाशी धडक झाली तरही पुन्हा उडवण्याची मुभा मिळू शकते. हा हक्क मुलाला माहीत नसेल तर टाइमकीपरने तो सांगावा.

– रेषेजवळ मायलारच्या फिती लावलेल्या काठ्या, तापमान टिपणारी यंत्रं, साबणाचे फुगे सोडणारी यंत्रं दिसतील. ती सगळी थर्मल ओळखायला असतात. आयोजकांनी स्वत: रेषेवर अशाच फिती सर्वांना दिसतील अशा रोवाव्यात. महागडं यंत्र आणू न शकलेल्या मुलालाही मग हवा वाचता येते. वर घिरट्या घालणारी घार तर सगळ्यांसाठी फुकट आहे.

– वेगमापकावर डोळा ठेवा. रेषेवर, २ मीटर उंचीवर, किमान २० सेकंद सलग वारा सेकंदाला ९ मीटरच्या वर राहिला तर स्पर्धा थांबवावी लागते. हा वेग ताशी सुमारे ३२ किलोमीटर भरतो. थांबवताना आणि पुन्हा सुरू करताना नोंदवहीत वेळ आणि आकडा लिहा. उद्या कुणी विचारलं तर उत्तर वहीने द्यावं.

प्रत्येक उड्डाणानंतर गुणपत्रिकेवर दोन्ही घड्याळांचे आकडे, दोन्ही टाइमकीपरांच्या सह्या आणि स्पर्धकाची सही घ्या. फेरी संपल्यावर अर्ध्या तासात आकडे फळ्यावर गेले पाहिजेत. मुलं दमलेली असतात, आकड्याची वाट पाहायला लावून त्यांना आणखी दमवू नका.

पायरी ८ : विमान शोधून आणणे

दिवसाकाठी शंभरावर उड्डाणं होतील आणि त्यातली बरीच विमानं किलोमीटरभर दूर उतरतील. एक विमान म्हणजे मुलाच्या कित्येक महिन्यांच्या संध्याकाळी. ते शोधायला मदत करणं आयोजकांच्या कामातच मोडतं.

विमान उतरताच खांबावरून होकायंत्राने दिशा घ्या आणि लिहा. रेषेच्या दुसऱ्या टोकावरच्या माणसाकडूनही दिशा घ्या. दोन रेषा नकाशावर ओढल्या की जिथे छेदतात तिथे शोध सुरू करायचा. बऱ्याच विमानांवर रेडिओ किंवा जीपीएस ट्रॅकर असतात. त्यांच्या फ्रिक्वेन्सी एका फळ्यावर लिहून ठेवा, म्हणजे दोघांची सरमिसळ होत नाही.

मुलांना एकट्याने शोधायला पाठवू नका. जोडीने पाठवा, पाणी आणि वॉकी-टॉकी द्या, जायची आणि परत येण्याची वेळ नोंदवा. उभ्या पिकात शिरावं लागलं तर शेतकऱ्याला बरोबर घ्या आणि ओळींमधून रांगेने चाला.

पायरी ९ : अंतिम फेरी

सगळ्या फेऱ्यांत पूर्ण गुण मिळवणारे एकापेक्षा जास्त असले की अंतिम उड्डाणं होतात. सगळ्यांना एकाच ठरावीक मुदतीत विमान सोडावं लागतं आणि कमाल वेळ वाढवलेली असते. खांबांची सोडत पुन्हा काढा.

अंतिम फेरी दुपारच्या भर थर्मलमध्ये घेऊ नका. तिथे नशीब जास्त बोलतं. संध्याकाळी वारा पडल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे घेतली तर विमानाची बनावट आणि मुलाचा हात यांना न्याय मिळतो. पण सूर्य मावळायला किती मिनिटं आहेत ते आधी पाहा. ६ मिनिटांनंतर संधिप्रकाशात दिसेनासं झालेलं विमान म्हणजे नव्या वादाला आमंत्रण. इथे सर्वांत तरबेज टाइमकीपर वापरा. शक्य असेल तर एका स्पर्धकाला दोघांऐवजी तिघे द्या आणि दुर्बिणी तिपाईवर बसवा.

पायरी १० : बक्षीस समारंभ

तिन्ही वर्गांचे वैयक्तिक आणि सांघिक निकाल ज्युरीने तपासल्याशिवाय जाहीर करू नका. प्रत्येक देशाचा झेंडा आणि राष्ट्रगीत त्या देशाच्या व्यवस्थापकाला आदल्या दिवशी दाखवून, ऐकवून खात्री करून घ्या. परदेशात पहिल्यांदा पहिलं आलेल्या मुलासमोर चुकीचं राष्ट्रगीत वाजलं तर ती चूक आयुष्यभर त्याच्याबरोबर राहते. मुलांची नावं त्यांच्याकडूनच उच्चार विचारून घ्या आणि देवनागरीत लिहून ठेवा. आपली लिपी या कामाला फार चांगली आहे. भाषणं छोटी असू द्या. टाइमकीपरांना व्यासपीठावर बोलवा. चार दिवस उन्हात मान वर करून उभे राहिलेले तेच असतात.

पायरी ११ : आवराआवर

निकाल राष्ट्रीय एरो क्लबमार्फत लगेच एफएआयकडे पाठवा. गुणपत्रिका, वाऱ्याची वही, तक्रारी आणि ज्युरीचे निर्णय एकत्र बांधून ठेवा. पुढच्या आयोजकासाठी दोन पानं लिहा : काय पुरलं नाही, कुठे वेळ गेला, कुठल्या शेतकऱ्याने मदत केली. खांबांचे खड्डे बुजवा, दोऱ्यांचे आणि तुटलेल्या रबराचे तुकडे वेचा, कारण जनावरं ते खातात. मग शेतकऱ्यांकडे स्वत: जाऊन भरपाईचे पैसे द्या.

सगळ्यात शेवटी हरवलेल्या विमानांची यादी हातात घ्या. तिच्यात एक-दोन नावं उरतातच. जाताना त्या मुलांचा घरचा पत्ता आणि विमानाचं चित्र गावातल्या शाळेत, पंचायतीत आणि मेंढपाळांकडे देऊन ठेवा. कापणीच्या वेळी पिकात पंख सापडतात, कधी झाडावर शेपटी दिसते. ते आलं की पेटीत भरून मुलाच्या देशात पाठवा, टपालाचा खर्च स्पर्धेच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरा. माझ्या लेखी स्पर्धा त्या दिवशी संपते. मुलाने विमान हवेच्या हवाली केलं होतं, ते त्याच्या हातात परत देणं आपल्याकडे होतं.